ट्रॅक्टरचा दिवा मंद झालाय? घासू नका, आधी धुवा

ताईंनो, हा धडा माझ्याच एका चुकीतून निघाला आहे, म्हणून चुकीपासूनच सुरू करते.

आमच्या ग्रामसंघाच्या अवजार बँकेत एक जुना ट्रॅक्टर आहे. घेतला तेव्हाच जुना होता. पेरणी, रोटा, मळणी, आणि दिवाळीनंतर उसाची वाहतूक, अशी त्याची वर्षभराची कामं. मागच्या हंगामाच्या तोंडावर ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, दिव्याचा उजेड बोनटाच्या पुढं जाईना. खड्डा चाकाखाली आल्यावर दिसतोय." मी दिवा उघडायला लावला. आतली वाटी, जिला मेकॅनिक रिफ्लेक्टर म्हणतात, ती राखाडी, काळपट झालेली. मला वाटलं, यात काय अवघड आहे? देव्हाऱ्यातली समई काळी पडली की आपण काय करतो? चिंच घेतली, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि बसले घासायला.

पाचच मिनिटांत वाटीची होती नव्हती ती चमक माझ्या हाताला आली आणि खालचं पिवळट प्लास्टिक उघडं पडलं. ड्रायव्हर काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. त्या दिवशी दुसऱ्या बाजूचा दिवा मी उघडला नव्हता, म्हणून तो वाचला. पुढं त्याच दिव्यावर योग्य पद्धत शिकलो आणि तो आजही चालतोय. ही हकिकत बैठकीत सांगितली तेव्हा सगळ्या हसल्या. पण दोघीजणी नंतर हळूच येऊन म्हणाल्या, "आमच्या मालकानंबी मोटारसायकलचा असाच घासला होता, मंजन लावून." तेव्हा ठरवलं, हे लिहायचंच.

वाटी भांड्यासारखी का नाही

दिव्यातला बल्ब लहान असतो आणि त्याचा उजेड चारी बाजूंना पसरतो. त्याला गोळा करून रस्त्यावर पुढे फेकायचं काम वाटी करते. म्हणजे बल्ब कितीही चांगला घाला, वाटी आंधळी असेल तर उजेड दिव्यातल्या दिव्यातच जिरतो.

ही वाटी आतून बाहेरून चमकदार धातूची नसते. ती साध्या पत्र्याची नाहीतर प्लास्टिकची असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. कारखान्यात बंद पेटीतली हवा काढून घेतात आणि ॲल्युमिनियम इतकं तापवतात की त्याची वाफ होते. भाताच्या पातेल्याच्या झाकणाला वाफ धरते तशी ती वाटीला धरते. हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा पाचशेवा भागसुद्धा भरत नाही. त्याच्यावर संरक्षणासाठी पातळ पारदर्शक लॅकर मारलेली असते. पितळेच्या भांड्याची कल्हई आठवा. ती घासून घासून वर्षा-दोन वर्षांत उडते. इथला थर कल्हईहूनही कितीतरी पातळ. त्यावर शेंडी फिरवली तर उरणार काय?

तमिळनाडूत कावलूरला आकाश बघायची मोठी दुर्बीण आहे. तिचा आरसा २.३४ मीटर रुंद आहे आणि त्याच्यावरही ॲल्युमिनियमचाच मुलामा असतो. तो मंदावला की तिथले शास्त्रज्ञही घासत बसत नाहीत. जुना थर उतरवून नवा चढवतात. तेव्हा आपल्याला घासून जमलं नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

दुसरी गोष्ट आपल्याला स्वयंपाकघरातूनच माहीत आहे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आमटीला चिंच घातली किंवा ताक ठेवलं तर पातेलं आतून बदलतं. ॲल्युमिनियमला आंबट चालत नाही आणि खारही चालत नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर नको, तशीच राख, धुण्याचा सोडा आणि कपड्याची पावडरही नको. मी चिंच आणि राख दोन्ही लावून दोन्हीकडून मारलं होतं. पेट्रोल, डिझेल, थिनरही आत घालू नका. त्यानं वरची लॅकर सुटते.

फार जुन्या गाड्यांना पितळी वाटीवर चांदीचा मुलामा असलेले दिवे असत. ती वाटी आपल्या जोडव्यांसारखी काळी पडते आणि मऊ मलमलीनं हलक्या हातानं पुसता येते. पण असा दिवा तुमच्या ट्रॅक्टरवर असायची शक्यता कमीच.

उजेड कुणाला लागतो

"ट्रॅक्टरचं काम पुरुषांचं, दिवा त्यांनीच बघावा" असं एका बैठकीत एक ताई म्हणाली. मग ऊसतोडीला जाऊन आलेल्या बायकांनीच तिला उत्तर दिलं.

आपल्या जिल्ह्यातून टोळ्या सांगली, साताऱ्याला, कोल्हापूरला, कर्नाटकात बेळगावकडे जातात. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री कधी फडात येईल त्याचा नेम नाही. कारखान्यावर नंबर लागून रिकामी झाली की येते. बारा वाजोत नाहीतर तीन, उठून भरायची. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. फळीवर दव पडलेलं, पायात वाढं अडकतंय, आणि उजेड कशाचा? ट्रॅक्टरच्या मागच्या फोकसाचा. तो आंधळा असेल तर पाय अंदाजानं टाकायचा. फळीवरून घसरलेल्या बायका आपल्या प्रत्येक गावात आहेत. कुणाचा मणका गेलाय, कुणाचं आणखी काही.

आणि रस्ता. धारूरचा घाट ज्यांनी रात्री उसाच्या गाडीबरोबर उतरलाय त्यांना मी काय सांगू? अरुंद रस्ता, वळणावर वळण, समोरून ट्रक. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या आणि टोळीतली माणसं, लेकरं उसावर बसलेली. (बसू नये हे खरं. पण बसतात, हेही खरं.) तिथं पुढचं वळण शंभर फुटांवर दिसलं पाहिजे, दहा फुटांवर दिसून उपयोग नाही. मोटार वाहन नियमांप्रमाणे सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासापासून सूर्य उगवण्याआधी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावूनच चालावं लागतं, हेही ध्यानात असू द्या. अवजार बँकेचा ट्रॅक्टर असेल तर तो आपल्या नावावर आहे.

दिवा उघडण्याआधी वायर बघा

ही पायरी आम्हालाही उशिरा कळली. वाटी खराब दिसते म्हणून सगळा दोष वाटीलाच देऊ नका. जुन्या ट्रॅक्टरमध्ये निम्मा दोष वायरचा निघतो.

तालुक्याच्या मेकॅनिकनं आम्हाला दोन नवे दिवे आणि नवी वायरिंग मिळून ४,००० रुपये सांगितले होते. ते खर्चायच्या आधी एका जाणत्या इलेक्ट्रिशियननं आम्हाला साधी परीक्षा दाखवली. दिवा चालू ठेवायचा. एक जाड वायर घेऊन तिचं एक टोक बॅटरीच्या ऋण, म्हणजे वजाच्या टोकाला लावायचं आणि दुसरं दिव्याच्या अर्थिंगच्या टोकाला टेकवायचं. वायर टेकवली की उजेड एकदम वाढला तर दोष अर्थिंगचा. चिखल, गंज, रंगाचा थर यांनी अर्थिंगचा नटच पत्र्याला नीट टेकलेला नसतो. नट खोलायचा, खालचा पत्रा पॉलिश पेपरनं घासून पांढरा करायचा (इथं मात्र हौस फेडून घासा), नट पुन्हा आवळायचा आणि वरून थोडं ग्रीस लावायचं. आमच्या डाव्या दिव्याचा निम्मा आजार एवढ्यावरच बरा झाला.

ज्यांच्या गावात कुणाकडे मीटर असेल त्यांनी व्होल्ट मोजावेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसतात. बल्बच्या होल्डरवर त्याच्यापेक्षा फार तर अर्धा व्होल्ट कमी चालेल. दोन व्होल्ट कमी निघाले तर वाटी कितीही धुवा, उजेड येणार नाही. याचं कारण समजून घ्या. बल्बला व्होल्ट दहा टक्के कमी मिळाले तर उजेड दहा टक्के नाही, जवळपास तीस टक्के घटतो. म्हणून कुजलेली वायर, सैल कपलर, जळका स्विच यांचा खर्च आधी. वायर बदलली तर त्या लाइनला फ्यूज घालून घ्या. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यानंच वायरी पेटतात.

उजेड कमी म्हणून मोठ्या वॅटचा बल्ब घालू नका. ९०-१०० वॅटचे बल्ब बाजारात मिळतात, पण त्या उष्णतेनं वाटीचा मुलामा करपतो, होल्डर वितळतो आणि जुनी वायर तापते. आमच्या वाटीवर बल्बच्या वरच्या बाजूला जो तपकिरी डाग होता तो आधीच्या मालकानं घातलेल्या मोठ्या बल्बाचा, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. जुन्या बल्बावर किती व्होल्ट, किती वॅट लिहिलंय ते वाचा आणि तेवढाच आणा.

आता धुणं

बॅटरीची वजाची वायर काढून ठेवा. दिवा गार होऊ द्या. रिंगचा स्क्रू सैल करून दिवा बाहेर घ्या, मागचं रबर काढा, स्प्रिंग दाबून बल्ब काढा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेला लागतं आणि ती जागा तापून बल्ब लवकर जातो. कागदात धरा.

काच वाटीपासून वेगळी होत असेल तर सोपं. पण बऱ्याच दिव्यांची काच चिकटवलेली असते. ती ओढून काढायच्या नादी लागू नका, फुटते. बल्बच्या भोकातूनच धुता येतं.

कोमट पाणी घ्या, त्यात भांडी धुवायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. पाणी भोकातून आत ओता, अर्धा दिवा भरेल एवढंच. हातानं भोक झाकून हळूहळू हलवा, बाळाची दुधाची बाटली हलवतो तसं. गढूळ पाणी ओतून द्या. असं तीन-चार वेळा. आत बोट, कापडाचा बोळा, ब्रश काही घालायचं नाही. कोळ्याचं जाळं, धूळ, फुटलेल्या बल्बाचा धूर, किडे हे पाण्यानंच निघतं. जे निघत नाही ते निघत नाही. सोडून द्या.

शेवटचं खळबळणं मात्र बोअरच्या पाण्यानं करू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती हे पातेल्याच्या बुडाला साठणाऱ्या पांढऱ्या थरावरून तुम्हाला माहीत आहे. तोच थर वाटीवर ठिपक्या-ठिपक्यानं बसतो आणि मग तो काढायला घासावंसं वाटतं. शेवटी दोनदा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानं खळबळा. लिटरची बाटली पुरून उरते. दुकानात मागताना नीट सांगा, डिस्टिल्ड पाणी हवं, ॲसिडचं नको. दोन्ही सारख्याच कॅनमध्ये ठेवलेली असतात, आणि ॲसिड हातावर पडलं तर कातडी सोलून निघते.

धुऊन झाल्यावर दिवा भोक खाली करून, भोकावर विरळ सुती कापड बांधून, दोन दिवस उन्हात ठेवा. एका दिवसात वरून कोरडा दिसतो, पण कडेच्या खाचेत पाणी राहतं आणि बल्ब तापला की काचेवर वाफ धरते. आमच्या डाव्या दिव्याला हे एवढंच केलं. ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, नवा बशिवला का?"

काच बाहेरूनही बघा. वर्षानुवर्षं वाळूनं, धसकटानं ओरबाडलेली काच दुधट होते. ती काच असेल तर साध्या साबणानं धुऊन कोरड्या वर्तमानपत्रानं पुसा. चरे खोल असतील तर जात नाहीत. पाणी आत गेलं कुठून तेही शोधा, नाहीतर दोन महिन्यांत पुन्हा हेच. बहुतेक वेळा मागचं रबर फाटलेलं किंवा हरवलेलंच असतं. त्याला किती पैसे पडतात? तीस-चाळीस. काच आणि वाटीच्या सांध्यात फट असेल तर सिलिकॉनचा बारीक धागा फिरवा. दिव्याच्या खालच्या बाजूला बारीक भोक असेल तर ते बुजवू नका. ते वाफ बाहेर पडायला मुद्दाम ठेवलेलं असतं.

मुलामा उडालाच असेल तर

माझ्या हातून गेलेल्या वाटीला धुऊन काय होणार? तिला काय काय सुचवलं गेलं ते सांगते. चांदी रंग मारा, असं एक जण म्हणाला. मारून पाहिला. तो दिसायला पांढरा चकचकीत, पण उजेड पुढे फेकत नाही, इकडे तिकडे विखरतो. आरशासमोर उभं राहणं आणि चुना मारलेल्या भिंतीसमोर उभं राहणं यात फरक आहे, तसाच. दुसरा म्हणाला, क्रोम चढवून आणा, सायलेन्सरसारखं. पत्र्याच्या वाटीला क्रोम बसतं, टिकतंही, पण क्रोम पडलेल्या उजेडाचा साधारण दोन-तृतीयांश भागच परत फेकतं. नवा ॲल्युमिनियम मुलामा दहातले नऊ भाग फेकतो. मोठ्या शहरांत मुलामा नव्यानं चढवून देणारे आहेत. दुर्मीळ दिव्यासाठी ठीक, आपल्यासाठी जाण्या-येण्याचाच खर्च जास्त.

मग राहते ॲल्युमिनियम फॉइलची चिकट टेप, एसीच्या पाइपला लावतात ती. पत्र्याच्या गळतीला लावतात ती काळ्या डिंकाची जाड टेप आणू नका, ती उष्णतेनं पाघळते. स्वयंपाकघरातला फॉइल गोंदानं चिकटवायचा प्रयत्नही नको, सुरकुत्याच सुरकुत्या पडतात.

आता सपाट टेप खोलगट वाटीत कशी बसवायची? इथं आमच्या गटातली शिवणकाम करणारी ताई कामाला आली. ती म्हणाली, "अगं, हे तर कटोरी ब्लाऊज आहे." सपाट कापडाला गोलाई द्यायची तर टक घ्यावे लागतात, नाहीतर तुकडे जोडावे लागतात. तिनं आधी वर्तमानपत्राचा खाका केला. मधे बोटभर अरुंद आणि कडेला रुंद अशा कमळाच्या पाकळ्या, एका वाटीला सोळा. मग टेपवर खाका ठेवून कापल्या. वाटी पत्र्याची असेल (चुंबक लावून बघा) आणि गंज असेल तर आधी बारीक पॉलिश पेपरनं गंज काढून कोरड्या कापडानं पुसायची. मग एकेक पाकळी मधून कडेकडे चिकटवत जायची, शेजारची पाकळी पहिलीवर दोन सुतं चढवायची, आणि मऊ कापड गुंडाळलेल्या बोटानं हवा काढायची. नखानं नको, वळ उठतो. बल्बच्या भोकाभोवती बोटभर जागा मोकळी सोडायची. तिथं सगळ्यात जास्त तापतं, शिवाय टेप धातूची आहे, बल्बच्या टोकांना लागली तर शॉर्ट होईल.

हे काच वेगळी होणाऱ्या दिव्यातच जमतं. आणि आता खरं सांगते. कितीही सफाईनं केलं तरी पाकळ्यांच्या कडांवर उजेड फुटतो. वाटीचा आकार असा बेतलेला असतो की बल्बमधल्या तारेचा उजेड सरळ पुढे जावा. जरा फुगवटा आला की तो वर, बाजूला, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. डिप्पर मारूनही त्याला त्रास होतो. म्हणून आम्ही टेपचा दिवा पुढे लावलाच नाही. तो मागच्या फोकसाच्या जागी, ३५ वॅटच्या बल्बासह बसवला. गाडी भरताना फळीवर, ट्रॉलीवर पसरट उजेड पडतो आणि तिथं तसाच हवा असतो. रस्त्यावर चालताना तो बंद ठेवायचा, ही ड्रायव्हरला ताकीद.

पुढच्या दिव्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. मुलाम्याचे एक-दोन ठिपके उडाले असतील तर चालवा. पाव वाटीपेक्षा जास्त गेली असेल तर नवा दिवा घ्या. ज्या बल्बात एका तारेखाली छोटी धातूची झाकणी असते, त्यात डिप्परचा उजेड वाटीच्या वरच्या अर्ध्या भागावरून येतो. तेव्हा वरचा भाग गेला असेल तर पाव वाटीची वाटही पाहू नका. महिंद्रा, स्वराज, मॅसी अशा चालू कंपन्यांच्या ट्रॅक्टरचे दिवे तालुक्याला मिळतात. एचएमटीसारख्या बंद पडलेल्या कंपनीचा असेल तर जुना दिवा हातात घेऊन जा आणि रिंगचा व्यास, मागचे स्क्रू जुळवून घ्या. नाव सांगून घेतलेला दिवा बसत नाही आणि दुकानदार परत घेत नाही.

आमचा हिशेब असा झाला: वायर आणि कपलर १८० रुपये, फ्यूज १०, डिस्टिल्ड पाणी २५, फॉइल टेप १६०, एक नवा दिवा ६५०. एकूण १,०२५ रुपये. मेकॅनिकचे ४,००० वाचले नाहीत असं नाही, पण १,०२५ मधले ६५० माझ्या चिंच-राखेचे, हेही रजिस्टरात तसंच लिहायला लावलं. तुमच्या गावात दर वेगळे असतील. दोन दुकानांत विचारा.

बसवल्यावर

दिवा परत बसवला की तो नीट समोर बघतोय का ते तपासायचं राहूनच जातं. सपाट जागेवर, भिंतीपासून २५ फुटांवर ट्रॅक्टर उभा करा. दिव्याच्या मधोमध जमिनीपासून किती उंची आहे ते मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूची रेघ मारा. डिप्परचा उजेड त्या रेघेच्या दोन-तीन इंच खाली पडला पाहिजे. वर जात असेल तर समोरचा आंधळा होणार. फार खाली असेल तर आपल्याला लांबचं दिसणार नाही. दोन चाकांची ट्रॉली असेल तर ती भरलेली असताना ट्रॅक्टरचं तोंड जरा वर उचललं जातं. तेव्हा तपासणी शक्यतो भरलेल्या ट्रॉलीसह करा, रिकाम्या ट्रॅक्टरवर केलेलं माप उसात चुकतं.

पुढं दिसणं झालं, आता आपण दिसणं. ट्रॉलीच्या मागचे लाल रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेले असतात नाहीतर लोंबणाऱ्या वाढ्यांनी. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल येऊन धडकते ती यामुळंच. हे रिफ्लेक्टर प्लास्टिकचे असतात, त्यांच्यात मुलाम्याची भानगड नाही, साबणानं बिनधास्त धुवा. गाडी भरून झाली की मागं एक चक्कर मारायची आणि लोंबणारी वाढी कोयत्यानं छाटायची. हे काम भरणाऱ्या बायकांपैकी एकीकडे दिलं तर रोज होतं. ड्रायव्हरवर सोडलं तर घाईत राहतं. पंक्चर होऊन रस्त्यात थांबावं लागलं तर मागं दगड मांडून तसेच निघून जाऊ नका. टायर बदलल्यावर दगड उचलायचे, तोच दगड पुढच्याचा जीव घेतो.

एक शेवटचं. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, पूजा करतो. तेव्हा वॉशिंग सेंटरचा जोराचा पाइप दिव्यावर सरळ मारू देऊ नका, रबराच्या फटीतून पाणी आत शिरतं ते तिथंच. आणि झेंडूचा हार दिव्यांच्या वर बांधा. गेल्या वर्षी आमच्या ट्रॅक्टरचा हार तीन दिवस डाव्या दिव्यावरच लोंबत होता आणि ड्रायव्हर म्हणत होता, उजेड पुन्हा कमी झाला.